बदलता येतील अशा जागा

आमच्या स्टुडिओत दोन मशीन होती आणि ती एकमेकांकडे पाठ करून ठेवलेली होती. एकावर दादा एडिटिंग करायचे, दुसऱ्यावर मी मोशन ग्राफिक्स करायचे. स्वारगेटच्या मागच्या बाजूला, शाळेचे गणवेश विकणाऱ्या एका दुकानाच्या वरचा मजला. खोली तशी एकच. सरांची केबिन म्हणजे प्लायवूडचं अर्धं पार्टिशन, त्यामुळे सर फोनवर कुणाशी गोड बोलतायत आणि कुणाशी नाही ते आम्हाला दोघांनाही रोज ऐकू यायचं.

दादांना सगळेच दादा म्हणायचे, म्हणून मीही म्हणायला लागले. ते माझ्यापेक्षा बरेच मोठे होते, लोणी काळभोरहून रोज मोटरसायकलवर यायचे आणि आल्या आल्या हेल्मेट माझ्या टेबलावर ठेवायचे, कारण त्यांच्या टेबलावर जागा नसायची. आधी ते लग्नाचं शूटिंग करत. अल्बम, अल्बमवर हृदयाच्या आकारात नवरा-नवरी, तो सगळा काळ त्यांनी केला होता आणि त्याची त्यांना लाज वाटत नसे. मला ते 'कॉन्व्हेंट' म्हणायचे.

आमचं काम कसं चालायचं ते सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. व्हिडिओत कुणी बोलत असलं की पडद्यावर खालून त्याच्या नावाची पट्टी सरकत येते. नाव, खाली हुद्दा. किंवा दहावीच्या निकालाची जाहिरात असली की मुलांचे फोटो एकेक करून उगवतात, टक्के मोठे होत जातात. ते हलणारं सगळं मी करायचे. पुष्कळ ठिकाणी असं असतं की ग्राफिक्सवाल्याने आपलं काम पूर्ण करून त्याची व्हिडिओ फाइल एडिटरला द्यायची. मग कुणी म्हणालं हुद्दा चुकलाय, की पुन्हा पहिल्यापासून. आम्ही तसं करत नव्हतो. माझा प्रोजेक्ट दादांच्या टाइमलाइनवर लिंक केलेला असायचा. मी माझ्याकडे पट्टीचा पिवळा जरासा गडद केला की त्यांच्या स्क्रीनवर तो आपोआप गडद व्हायचा. फाइल द्यायची नाही, घ्यायची नाही, उठून जायचं नाही.

"जरा डावीकडं," दादा पाठमोरेच म्हणायचे.

मी सरकवायचे.

"बास."

दिवसभराचं आमचं बोलणं बहुतेक एवढंच. पुढे पुढे तेही लागेनासं झालं. ते नुसते घसा खाकरले तरी मला समजायचं की पट्टी चेहऱ्याच्या हनुवटीवर आली आहे.

मला हे फार आवडायचं. मी खडकीला क्वार्टर्समध्ये वाढले. वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात, पण खडकीत नुसतं कारखाना म्हटलं की कुठला असं कुणी विचारत नाही. शाळा इंग्रजी माध्यमाची. घरी मराठी, शाळेत इंग्रजी, आणि दोन्हीकडे मी गप्प, त्यामुळे दोन्ही भाषा मला ऐकायला जास्त आणि बोलायला कमी येतात. पहिली नोकरी हिंजवडीला होती. तिथे रोज सकाळी सगळ्यांनी गोल उभं राहून आपण काल काय केलं ते सांगायचं असे. दोन वाक्यं. ती दोन वाक्यं मी घरून पाठ करून न्यायचे आणि माझी पाळी आली की त्यातलं एकच बाहेर यायचं. ती नोकरी मी सोडली. घरी सांगितलं, प्रवास झेपत नाही.

इथे तसलं काही नव्हतं. इथे मी काहीतरी हलवायचे आणि पाठीमागे बसलेल्या माणसाला ते दिसायचं. तोंड न उघडता एखाद्या ठिकाणी आपण चांगल्या समजल्या जातो, हे मला आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं. ही जागा गेली तर पुन्हा मुलाखती, पुन्हा ते गोल उभं राहणं, एवढं मला माहीत होतं, आणि म्हणून ती जागा मी फार जपत होते.

गणपती झाल्यावर सर पार्टिशनच्या बाहेर आले आणि मधल्या स्टुलावर बसले. ते स्टुलावर बसले म्हणजे काहीतरी नवीन पाहून आलेले असत.

"आपण आता टेम्प्लेट करून ठेवू," ते म्हणाले. "एकदा तू सगळं बनवलंस, की नाव-गाव बदलायला हा स्वतःच बदलेल. तुझं सॉफ्टवेअर उघडायचीसुद्धा गरज नाही त्याला. दर वेळी तुला त्रास नको."

"त्रास नाही होत, सर," मी म्हटलं. मी एवढं बोलले हेच माझ्या मानाने पुष्कळ होतं.

"अगं, तू म्हणशीलच तसं. पण आपण काय रोज उठून नवी कला करतो का? वाढदिवस तोच, फक्त माणूस बदलतो."

दादा हसले. मग एकदम हसायचे थांबले. खुर्ची फिरवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी स्क्रीनकडे पाहिलं. टेम्प्लेट म्हणजे काय ते आम्हाला दोघांनाही ठाऊक होतं. लिंकमध्ये माझा प्रोजेक्ट जिवंत राहतो आणि तो हलवायला मी लागते. टेम्प्लेटमध्ये मी सगळं एकदाच ठरवून, बंद करून, बदलता येतील अशा तेवढ्या जागा मोकळ्या ठेवून द्यायचं. नंतर मी लागत नाही.

मी कामाला लागले. काय उघडं ठेवायचं आणि काय बंद, हेच खरं काम होतं. नाव उघडं. हुद्दा उघडा. फोटो उघडा. रंगाचे तीनच पर्याय, कारण रंग मोकळा सोडला की दादा सगळं भगवं-निळं करून टाकतात. पट्टी कशी येते, कुठे थांबते, ते मात्र बंद. तिथे कुणाचा हात पोचू नये. माझ्या पट्ट्या जागेवर बसायच्या आधी किंचित थबकायच्या. मला ते कुणी शिकवलं नव्हतं. दादा म्हणायचे, "तुझ्यासारखीच हाय ही. आत येऊ का, असं विचारती."

मराठी अक्षरांचा एक वेगळाच घोळ होता. टेम्प्लेट काढायच्या आधी माझ्या सॉफ्टवेअरमध्ये एक सेटिंग करावं लागे. ते राहिलं, तर दादांच्या बाजूला मजकूर बदलताच जोडाक्षरं सुटी व्हायची, वेलांट्या भलत्याच अक्षरावर जाऊन बसायच्या. 'अध्यक्ष' लिहिलं तर वाचणाऱ्याला कोडं पडावं. आणि ते दुरुस्त करायची सोय दादांच्या बाजूला नव्हतीच. मलाच करावं लागे.

हे मी त्यांना समजावून सांगत होते तेव्हा सर बाहेर गेले होते. दादांनी सगळं ऐकून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"हे एवढं ठेव तुझ्याकडं."

"म्हणजे?"

"म्हणजे सगळं देऊ नको, येडे. अक्षर तुटलं की मी हाक मारीन. हाक मारायला काहीतरी पायजे का न्हाई?"

"पण मग ते चुकीचंच राहील, दादा."

"राहू दे की! चार ठिकाणी राहू दे. कॉन्व्हेंटमध्ये शिकवलं न्हाई व्हय हे?"

मी हसले. घरी जाताना मात्र त्याचा विचार केला. दादांना त्यात काही मिळणार नव्हतं, उलट काम वाढणार होतं, तरी ते सांगत होते. आणि सोपं होतं. एक टिचकी मारायची नाही, एवढंच. मला ते जमलं नाही. यात तत्त्व वगैरे काही नव्हतं. तुटलेलं अक्षर स्क्रीनवर दिसलं की मला ताटात केस निघाल्यासारखं होतं. ते तसंच सोडून मला पुढचं काम सुचतच नाही. सगळ्या टेम्प्लेटमध्ये मी ते सेटिंग केलं. नंतर एक एक उघडून, सापडतील तितके अवघड शब्द घालून तपासलं. सगळी अक्षरं शहाण्यासारखी उभी राहिली.

मध्ये दसरा आला. स्टुडिओत मशीनची पूजा असायची. आदल्या दिवशी सगळं बंद करून पुसून काढायचं, सकाळी झेंडूच्या माळा, हळद-कुंकू, नारळ, आणि त्या दिवशी कुणीही माउसला हात लावायचा नाही. आमच्या घरी तो दिवस वेगळा असतो. आई-वडील पांढरे कपडे घालून विहारात जातात, दुपारी क्वार्टर्समधल्या लोकांकडे खीर असते. स्टुडिओत मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. लपवलं नव्हतं. कुणी विचारलं नाही, आणि न विचारलेलं मी सांगत नाही.

सरांनी आपल्या लॅपटॉपला कुंकू लावलं, दादांनी कॅमेऱ्याला आणि आपल्या मशीनला लावलं, आणि सरांनी तबक माझ्यापुढे धरलं. "हं, तुझ्याला तू लाव."

माझा हात तसाच राहिला. लावलं असतं तर काही बिघडणार नव्हतं असं मला आजही वाटतं, आणि तरीही हात उचलला जात नव्हता.

"द्या इकडं," दादांनी तबक काढून घेतलं. "ही बोटं भरवून घेईल आन् उद्या सगळा कीबोर्ड लाल. जा गं, खाली चहा सांगून ये."

मी परत आले तेव्हा माझ्या मॉनिटरच्या कोपऱ्यावर कुंकवाचं बोट होतं आणि वर एक फूल. त्यांना आमच्या घरचं माहीत होतं, का खरंच कीबोर्डचीच काळजी होती, ते मी कधी विचारलं नाही. त्यांनीही कधी तो विषय काढला नाही.

दसऱ्यानंतर टेम्प्लेट वापरात आली. पहिलंच काम एका सोसायटीच्या वार्षिक कार्यक्रमाचं होतं. कार्यकारिणीतला प्रत्येक जण दोन वाक्यं बोललेला आणि प्रत्येकाला पट्टी हवी. अशा कामात एरवी आमचा अख्खा दिवस जायचा. मी माझ्या खुर्चीत वाट पाहत बसले. मागे टायपिंगचा आवाज येत होता. एका सभासदाचं नाव आणि पद मिळून फार लांब होतं, ते पट्टीबाहेर जाईल असं मला वाटलं होतं. पण लांबी वाढली की पट्टीही वाढेल असं मीच करून ठेवलं होतं. वाढली असणार, कारण दादा खाकरले नाहीत.

दुपारी मीच विचारलं, "जमलं?"

"जमलं," ते म्हणाले. हॉस्पिटलमधून कुणाचा रिपोर्ट घेऊन आल्यावर माणूस बोलतो तसे.

त्यानंतर मला काम असं उरलं नाही. मी जुने फोल्डर लावत बसायचे. दादा मग मुद्दाम हाका मारायला लागले. "हा रंग बघ गं जरा." "हे थोडं वर घेऊ का?" त्यांना सगळं दिसत होतं. मी उठून त्यांच्या मागे जाऊन उभी राहायचे, बघायचे, आणि म्हणायचे, "ठीक आहे." मग परत येऊन बसायचे. लिंक असताना मी कधी त्यांच्या स्क्रीनसमोर उभी राहिले नव्हते. तिथे उभं राहिलं की मला हातांचं काय करावं ते कळायचं नाही.

एकदा सर पार्टिशनमागून म्हणाले, "अरे, त्यात रंग दिलेत ना? मग तिला कशाला उठवतोस?"

"तिची नजर चांगली हाय, सर."

"नजर टेम्प्लेटमध्ये आली ना आता."

सर हे टोमणा म्हणून बोलले नाहीत. त्यांना वाटलं ते माझं कौतुक करतायत. गणवेशाच्या दुकानात कुणीतरी बाई शर्टाच्या मापावरून वाद घालत होती, ते सगळं वर ऐकू येत होतं.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर सरांनी मला आत बोलावलं. मी एक वाक्य तयार करून ठेवलं होतं. मी एडिटिंगही शिकते, दोन्ही करते. ते वाक्य मी आठवडाभर तोंडात धरून होते. कामावर येताना बसमध्ये पुटपुटून पाहिलं होतं. ते सोपं होतं, सरांना पटण्यासारखंही होतं. पण दोन्ही एकीनेच करायचं म्हटलं की मग दुसऱ्या खुर्चीचं काय, तेही त्यातच होतं.

"हे बघ," सर म्हणाले, "तुझं काम इतकं व्यवस्थित आहे की आता त्यात काही करण्यासारखं उरलेलं नाही. तुला उगीच इथे अडकवून ठेवणं बरं नाही. तुझ्या शिक्षणाला खूप संधी आहेत बाहेर."

"हो," मी म्हटलं.

"काही म्हणायचंय का तुला?"

"नाही, सर."

सरांनी मला विचारलं आणि मी काही बोलले नाही, हे दादांना पार्टिशनबाहेर ऐकू गेलं होतं. त्यांना वाटलं मी त्यांच्यासाठी गप्प राहिले. तसं मी म्हणू शकत नाही. मी दुकानात सुटे पैसे परत मागायच्या वेळीही गप्प राहते. वाक्य तोंडात होतं आणि ते आलं नाही. ते दादांमुळे आलं नाही की नेहमीसारखं आलं नाही, हे मला वेगळं करता येत नाही.

घरी वडिलांनी पहिला प्रश्न विचारला, "लेखी दिलं का?" कारखान्यात कुणाला काढायचं तर किती कागद होतात हे त्यांनी मला समजावून सांगितलं. मला कुणी लेखी काही दिलेलं नव्हतं, कामावर घेतानाही नाही. आई म्हणाली, "तू काही बोलली असशील त्यांना." वडिलांनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ही?" मग तिघंही जेवायला बसलो.

मुलाखती सुरू झाल्या. औंध, कोथरूड, बाणेर. सगळीकडे काचेच्या खोल्या, सगळीकडे माझ्याहून लहान वाटणारी माणसं, आणि कुठेही मला वाटलं होतं तेवढं बोलावं लागलं नाही. ते माझं काम बघायचे आणि एकच प्रश्न विचारायचे, टेम्प्लेट करता येतात का? मराठीत, अक्षरं न तुटता? मी हो म्हणायचे आणि त्यांचे चेहरे खुलायचे. मला वाटलं, मी उगाच घाबरत होते. एका ठिकाणी मला लगेच घेतलं. मी त्यांची सगळी टेम्प्लेट करून दिली, तपासून दिली, आणि ती झाल्यावर त्यांनी माझे मनापासून आभार मानले. मग मला समजलं की ही नोकरी नव्हे, हे तेवढंच काम असतं. एकदाच लागतं. दुसरीकडेही तसंच झालं. काम जितकं नीट, तितकं ते लवकर संपतं. ते वाईट कसं करायचं हे मला अजून समजलेलं नाही.

तिसरी जागा बाणेरला, ऑनलाइन क्लासवाल्यांकडे. तिथे असताना दादांचा फोन आला. मी फोन सहसा उचलत नाही, पण त्यांचा उचलला.

"काय कॉन्व्हेंट, कसं काय?"

"बरं आहे. तुम्ही?"

"हाय आपलं." मग म्हणाले, "सरांनी ती टेम्प्लेटं गिऱ्हाइकांनाच देऊन टाकली गं. त्यांच्या हापिसातलंच कुणीतरी नाव भरतं, फोटो टाकतं, मोबाइलवर शूट केलेलं जोडतं, झाला व्हिडिओ. मला म्हणले, आठवड्यातनं दोनदा येत जा. तुझ्या तिथं एडिटर लागतो का? मी कायबी करीन. कापाकापी, आवाज, कायबी."

"विचारते," मी म्हटलं.

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ जिन्यात उभी होते. तिथली मुख्य एक तरुण बाई होती, सगळ्यांशी इंग्रजीत आणि हसून बोलणारी. इंग्रजीत मला थोडं कमी अवघड जातं, कारण ते माझ्या घरचं नाही. मी तिच्या काचेवर टकटक केलं. कुणी बोलावलं नसताना, स्वतःहून, कुणाकडे काही मागायला मी अशी कधी गेले नव्हते. मी सांगितलं की माझ्या ओळखीचे एक एडिटर आहेत, फार अनुभवी, डोळे मिटून टायमिंग धरतात, आणि कष्टाळू आहेत. सगळी वाक्यं आली. एकही राहिलं नाही.

तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग जरा गोंधळून म्हणाली, "पण एडिटर लागू नये म्हणूनच तर आम्ही तुम्हाला घेतलंय ना? तुमचं झालं की शिक्षकच आपापला धडा लावतील."

मी म्हटलं, बरोबर आहे.

दादांना मेसेज केला असता तर चाललं असतं. पण मी फोन केला. गच्चीवर गेले, कारण खाली आवाज होता. सांगितलं.

"बरं," ते म्हणाले. "विचारलंस का पण खरंच?"

"हो."

"तोंडानं? का चिठ्ठी पाठवलीस?"

"तोंडाने."

"काय सांगतीस!" ते खरंच खूश झाल्यासारखे हसले, आणि ते हसणं मला ऐकवेना. "मग झालं की. भावाचं मंडप-डेकोरेशन हाय, तिकडं बघतो तवर. जेवलीस का?"

"हो."

"खोटं बोलती. जा, जेव."

मी खाली आले. स्क्रीनवर अर्धं राहिलेलं काम होतं. इयत्ता, विषय, शिक्षकाचं नाव. तिन्ही जागा मोकळ्या केल्या, बाकी सगळं बंद केलं, अक्षरं तपासली. कुठेही तुटत नव्हती. आता फार थोडी टेम्प्लेट उरली होती, बहुतेक महिनाअखेरपर्यंत संपणार होती. मी पुढची उघडली.